ओक्साना: परकी म्हणायची की पाहुणी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात आलेलं तसंच ठेवलंय, फक्त माझं खोकणं तेवढं काढलंय.

आजचा भाग एका नावाबद्दल आहे. ओक्साना. युक्रेनमधल्या बायकांचं नाव. तुम्ही ते बातम्यांत ऐकलं असेल, एखाद्या वेबसिरीजमध्ये ऐकलं असेल, आणि ऐकल्याऐकल्या मनात आलं असेल, की कुणीतरी रशियन बाई दिसतेय. बहुतेकांच्या मनात हेच येतं. ते का येतं आणि त्यात काय बिघडतं, हेच आज बघायचंय.

सुरुवात ग्रीकपासून. ग्रीक भाषेत 'झेनोस' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ परका, परदेशी. आणि त्याच शब्दाचा अर्थ पाहुणा. दोन्ही एकच. दारात उभा असलेला अनोळखी माणूस हा शत्रू की पाहुणा, हे त्याच्या शब्दावरून कळत नाही. तुम्ही त्याला कसं वागवता, त्यावर ते ठरतं. पाहुण्याचं आगतस्वागत करणं याला 'झेनिया' म्हणायचे, आणि ते नीट होतंय की नाही हे बघायला खुद्द झ्यूस देव बसलेला असायचा.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. गावाकडे एसटीतून अनोळखी माणूस उतरला, की पारावर बसलेले आजोबा काय विचारतात? "काय पाव्हणं, कुठल्या गावचं?" ओळख नाही, पाळख नाही, तरी थेट पाव्हणं. ग्रीकांचा झेनोस म्हणजे हाच पाव्हणा.

या शब्दावरून मुलीचं नाव आलं, झेनिया. आणि ते ख्रिस्ती जगात पसरलं त्यामागे पाचव्या शतकातल्या एका संत बाईची कथा आहे. ही बाई रोममधल्या श्रीमंत घरातली. नाव युसेबिया. घरच्यांनी लग्न ठरवलं, हिला ते करायचं नव्हतं. कथा अशी, की दोन दासींना सोबत घेऊन ती जहाजात बसली आणि पळाली. फिरत फिरत मिलासा नावाच्या गावी पोचली, आज ते तुर्कस्तानात आहे. तिथे कुणी नाव विचारलं तर सापडायची भीती. मग तिने सांगितलं, माझं नाव झेनिया. म्हणजे 'मी परकी'. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. इथे उलटं झालं. लग्न टाळायला बाईने स्वतःच स्वतःचं नाव बदललं. मला ही कथा फार आवडते, खरी किती आणि रचलेली किती, हा भाग सोडून द्या.

हे नाव चर्चबरोबर कीव्हला पोचलं. इसवी सन ९८८ मध्ये कीव्हच्या राजा वोलोदिमिरने ख्रिस्ती धर्म घेतला, आणि धर्मासोबत ग्रीक नावांचं पोतंच आलं. चर्चच्या कागदात नाव होतं 'क्सेनिया'. आता सुरुवातीलाच 'क्स' म्हणजे जोडाक्षर. बोलून बघा. जीभ अडखळते. अशा वेळी माणसं काय करतात? पुढे एक स्वर जोडतात. आपण स्कूलचं इस्कूल केलं, स्टेशनचं इस्टेशन केलं, तसंच. रशियात त्याचं झालं 'अक्सिन्या'. युक्रेनमध्ये झालं 'ओक्साना'.

युक्रेनियनमध्ये 'ओ' का आला, तर ती त्या भाषेची खोडच आहे. बाहेरून आलेल्या नावाच्या तोंडी 'अ' असला, की तिथे पुष्कळदा 'ओ' होतो. अलेक्झांडरचा ओलेक्सांद्र, अलेक्सीचा ओलेक्सी. तर हा सुरुवातीचा गोल 'ओ' म्हणजे घराच्या दारावरची पाटी समजा. रशियन माणूस हेच नाव लिहिताना 'ओ' लिहितो, पण त्यावर आघात नसल्याने बोलताना त्याचा 'अ' करतो: अक्साना. बेलारूसमध्ये तर लिहितातही 'अ'नेच. युक्रेनियन माणूस 'ओ' स्वच्छ म्हणतो. एका स्वरावरून कळतं, बोलणारा कुठला.

शेकडो वर्षं असं चाललं होतं, की चर्चच्या वहीत नाव क्सेनिया आणि अंगणात हाक ओक्साना. वहीतलं नाव पाद्र्याचं आणि साहेबाचं, हाकेतलं नाव आईचं.

मग हे हाकेतलं नाव छापील पुस्तकात आलं. आणि गंमत म्हणजे ते आलं रशियन भाषेत. निकोलाय गोगोल हा लेखक युक्रेनमधल्या पोल्टावा भागात १८०९ मध्ये जन्मला, पण लिहिलं रशियनमध्ये. १८३२ साली त्याच्या गोष्टींचा दुसरा भाग निघाला, त्यात 'नाताळच्या आदली रात्र' ही गोष्ट आहे. गावातली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात नखरेल पोरगी ओक्साना. तिच्यावर जीव टाकणारा लोहार वाकुला. ती चारचौघांत म्हणते, सम्राज्ञी स्वतः घालते तसले बूट आणून दे, मग लग्न करते. वाकुला सैतानाच्या पाठीवर बसून पीटर्सबर्गला उडतो आणि राजवाड्यात शिरतो तो युक्रेनच्या झापोरिझियातल्या कोसॅकांच्या शिष्टमंडळाबरोबर. ते कोसॅक आपलं गाऱ्हाणं घेऊन आलेले असतात. आमचं काय चुकलं, आमच्यावर नाराजी का, वगैरे. तेवढ्यात हा बुटांचं काढतो, कॅथरीन खूश होते, बूट मिळतात. गाऱ्हाणं राहिलं बाजूला.

गोष्ट हसवते. पण कॅथरीननेच १७७५ मध्ये त्या कोसॅकांचं ठाणं उद्ध्वस्त केलं होतं, हे माहीत असलं की तो प्रसंग वेगळाच वाटायला लागतो. शेवटी वाकुला बूट घेऊन परततो तेव्हा ओक्साना म्हणते, बुटांशिवायही मी तयार होते. चायकोव्हस्की आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह या दोन बड्या रशियन संगीतकारांनी या गोष्टीवर ऑपेरा केले. युक्रेनियन संगीतकार मिकोला लिसेंकोनेही केला. पण जगाला माहीत झाली ती रशियन रंगभूमीवरची ओक्साना. भरतकाम केलेला सदरा, डोक्यावर फुलं, गोड, हट्टी. साम्राज्याला आपल्या प्रांतातली माणसं अशीच आवडतात, असं माझं मत आहे.

दुसरी ओक्साना याच्या अगदी उलट. तारास शेवचेंको, युक्रेनचा सगळ्यात मोठा कवी, १८१४ मध्ये जन्मला तो भूदास म्हणून. म्हणजे जमिनीबरोबर माणूसही मालकाचा. लहानपणी शेजारी एक मुलगी होती, ओक्साना कोवालेंको. आई गेली, बाप गेला, पोरका तारास आणि ही सवंगडी. पुढे १८३८ साली चित्रकार मित्रांनी २,५०० रुबल भरून त्याला मालकाकडून सोडवलं. ओक्सानाला सोडवणारं कुणी नव्हतं. तिचं १८४० मध्ये दुसऱ्या गावच्या एका भूदासाशी लग्न झालं.

शेवचेंकोने तिला सोडलं नाही, म्हणजे कवितेत सोडलं नाही. १८४१ च्या 'हायदामाकी' या त्याच्या मोठ्या काव्यात नायिकेचं नाव ओक्साना. दुसरं एक काव्य त्याने तिलाच अर्पण केलं. १८४७ मध्ये त्याला अटक झाली, साधा शिपाई म्हणून हद्दपारीवर पाठवलं आणि झार निकोलसने आदेशात भर घातली: लिहायचं नाही, चित्रंही काढायची नाहीत. तर हा पठ्ठ्या तळहाताएवढ्या वह्या शिवून बुटाच्या नळीत लपवायचा आणि त्यात लिहायचा. त्या वह्यांत बालपणीच्या मैत्रिणीची आठवण पुन्हा येते. एका कवितेत तो लिहितो, की ती सैनिकांच्या मागे गेली आणि आयुष्यातून उठली. खरी ओक्साना तर नवऱ्याच्या घरी नांदत होती. त्याने असं का लिहिलं असेल? मला वाटतं, तोपर्यंत त्याच्यासाठी हे नाव एका मुलीपुरतं राहिलं नव्हतं. रशियन सैनिकाने फसवलेली युक्रेनियन मुलगी हा त्याचा कायमचा घाव होता, आणि तो घाव त्याने आपल्या सगळ्यात जवळच्या नावावर ठेवला.

गोगोलच्या ओक्सानासाठी बूट आणले, शेवचेंकोने ओक्सानाला बुटात लपवलं. असो, हे मला रेकॉर्डिंगच्या वेळीच सुचलं.

पुढे १८७६ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापण्यावर जवळजवळ सरसकट बंदी आणली, नाटकंसुद्धा बंद. पण नाव हे पुस्तक नसतं ना. ते हाकेत टिकतं.

सोव्हिएत काळात नावाच्या बाबतीत एक विचित्र प्रकार झाला. युक्रेनमधल्या पासपोर्टात नाव दोन भाषांत असायचं. युक्रेनियन ओळीत मिकोला, तर रशियन ओळीत निकोलाय. इकडे ओलेना, तिकडे येलेना. एकाच माणसाची दोन नावं. ओक्साना मात्र दोन्ही ओळींत ओक्सानाच राहायची. त्याचा एक परिणाम असा, की हे नाव रशियनांनाही आपलं वाटू लागलं. १९७० च्या दशकात तर त्याची अख्ख्या सोव्हिएत संघात फॅशन आली. आठ ऑलिंपिक खेळलेली जिम्नॅस्ट ओक्साना चुसोव्हितिना माहीत असेल, ती १९७५ ची, आणि जन्म उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याचा. नाव फिरलं, पसरलं, छानच झालं. नावावर कुणाची मालकी नसते. पण एखादी गोष्ट सगळ्यांची झाली, की ती मुळात कुणाची होती हे विसरणं सोपं होतं.

आता थोडं थांबून एका बाईबद्दल सांगतो, कारण हा भाग करायचं डोक्यात आलं ते तिच्यामुळे. ओक्साना याकिव्ना मेश्को. मधलं 'याकिव्ना' म्हणजे याकिवची मुलगी. आपल्यासारखंच, स्वतःचं नाव आणि मग वडिलांचं. फरक एवढाच, की तिकडे लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येत नाही, मरेपर्यंत वडिलांचंच राहतं.

मेश्को १९०५ मध्ये पोल्टावा भागात शेतकऱ्याच्या घरी जन्मली. ती पंधरा वर्षांची असताना वडिलांना बोल्शेविकांनी गोळी घातली. ती रसायनशास्त्र शिकायला गेली, तर 'घराणं चुकीचं' म्हणून तिला पुन्हा पुन्हा काढून टाकलं. थोरला मुलगा दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात गेला. युद्ध संपलं, आता तरी बरे दिवस येतील, तर १९४७ मध्ये तिला आणि तिच्या बहिणीला उचललं. आरोप काय? म्हणे ख्रुश्चेव्हला मारायचा कट. तेव्हा ख्रुश्चेव्ह युक्रेनमधल्या कम्युनिस्ट पक्षाचा मोठा नेता होता. शिक्षा दहा वर्षं, श्रमछावणी. स्टालिन मेल्यानंतर, १९५४ मध्ये ती सुटली, आणि दोन वर्षांनी सरकारने सांगितलं, की तुम्ही निर्दोष होता. बस, एवढंच.

यानंतर कुणीही गप्प बसलं असतं. मी तर नक्कीच. पण १९७२ मध्ये तिच्या धाकट्या मुलाला, ओलेसला, राजकीय गुन्ह्याखाली पकडलं. आणि ९ नोव्हेंबर १९७६ ला कीव्हमध्ये युक्रेनियन हेलसिंकी गट स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापकांत एकाहत्तर वर्षांची ओक्साना मेश्को होती. गटाचं काम ऐकायला अगदी साधं. १९७५ मध्ये हेलसिंकीत सोव्हिएत सरकारने मानवी हक्क पाळू म्हणून सही केली होती. ते पाळलं जातंय का हे बघायचं, मोडलं की लिहून ठेवायचं, आणि ते लिहिलेलं जगापुढे पोचवायचं. बस. कागद आणि टाइपरायटर.

काही महिन्यांतच सदस्यांना एकेक करून अटक व्हायला लागली. अध्यक्ष, कवी मिकोला रुदेंको, फेब्रुवारी १९७७ मध्येच आत. जे उरले त्यांचा गाडा या आजीबाईने ओढला. तिच्या घराची झडती किती वेळा झाली याची गंमत वाटावी इतक्या वेळा झाली. १९८० मध्ये तिला आधी मनोरुग्णालयात डांबलं. सरकारविरुद्ध बोलतेय म्हणजे डोकं फिरलंय, हे त्या काळचं नेहमीचं निदान. मग अटक, आणि जानेवारी १९८१ मध्ये शिक्षा: सहा महिने कैद आणि पाच वर्षं हद्दपारी. कुठे, तर अयान. नकाशा उघडा आणि शोधा. पॅसिफिकच्या बाजूला ओखोत्स्कचा समुद्र आहे, त्याच्या काठावरचं एक बंदर. कीव्हपासून हजारो किलोमीटर. तिला तिथे पोचवायला कैद्यांच्या गाड्यांतून, या तुरुंगातून त्या तुरुंगात करत महिने लागले. वय तेव्हा शहात्तर.

ती तिथेही मेली नाही. १९८५ मध्ये परत आली आणि पुन्हा कामाला लागली. तिचा मृत्यू झाला २ जानेवारी १९९१ ला. युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं २४ ऑगस्ट १९९१ ला. मधे आठ महिनेही नाहीत.

आणि मग तो देश जगाच्या टीव्हीवर पहिल्यांदा सोनं घेऊन आला, तेव्हा व्यासपीठावर कोण होतं? सोळा वर्षांची ओक्साना बाइउल. नॉर्वेतलं लिलेहामर, फेब्रुवारी १९९४, फिगर स्केटिंग. ही पोरगी आजच्या द्नीप्रो शहरातली. बाप लहानपणीच सोडून गेलेला, आई १९९१ मध्ये कॅन्सरने गेली. ओदेसाला प्रशिक्षिकेकडे राहून शिकली. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सराव करताना एका जर्मन स्केटरशी तिची टक्कर झाली, नडगीला टाके पडले, वेदनाशामक इंजेक्शन घेऊन ती बर्फावर उतरली. नऊ परीक्षक. पाचांनी तिला पहिलं ठेवलं, चौघांनी अमेरिकेच्या नॅन्सी केरिगनला.

पदक द्यायची वेळ झाली आणि समारंभ रखडला, कारण आयोजकांना युक्रेनच्या राष्ट्रगीताची टेप सापडेना. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, विजेती उभी, आणि तिच्या देशाचं गाणं कुणाकडे तयार नाही! शेवटी सापडलं आणि वाजलं. त्या गीताचं नुसतं संगीत १९९२ मध्ये अधिकृत झालं होतं. शब्दांना कायद्याने मान्यता मिळायला २००३ उजाडलं.

दुसरी एक खेळाडू, ओक्साना मास्टर्स, १९८९ मध्ये खमेल्नित्स्की शहरात जन्मली. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर तीन वर्षांनी. पाय नीट वाढलेले नाहीत, हातांना अंगठे नाहीत. डॉक्टरांनी त्याचं कारण किरणोत्सर्ग सांगितलं. तिचं बालपण अनाथालयांत गेलं. सातव्या वर्षी एका अमेरिकन प्राध्यापिकेने तिला दत्तक घेतलं. पुढे तिचे दोन्ही पाय कापावे लागले, आणि मग रोइंग, स्कीइंग, सायकलिंग असं करत तिने उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये पदकं जिंकली, अमेरिकेसाठी. आडनाव नव्या आईचं लावलं. पहिलं नाव तेच ठेवलं. २०२२ ची हिवाळी पॅरालिंपिक बीजिंगमध्ये सुरू झाली, तेव्हा रशियाच्या आक्रमणाला जेमतेम आठवडा झाला होता. तिथे तिने सात पदकं घेतली.

वेबसिरीजचं म्हणत होतो ना? 'किलिंग ईव्ह' बघितलेल्यांना माहीत असेल, त्यातल्या भाडोत्री मारेकरी बाईचं खरं नाव ओक्साना. आणि ती रशियन. कथा म्हणून मला ती सिरीज आवडली, तक्रार नाही. पण इंग्रजी प्रेक्षकाला 'रशियन' ऐकू यावं म्हणून जे नाव पुढे केलं, ते चर्चच्या वहीला न जुमानता युक्रेनियन अंगणात घडलेलं नाव होतं.

शेवटची ओक्साना लेखिका आहे. ओक्साना झाबुझ्को. १९९६ मधल्या तिच्या गाजलेल्या कादंबरीची नायिकाही ओक्सानाच. २३ फेब्रुवारी २०२२ ला ती पुस्तकाच्या कार्यक्रमांसाठी कीव्हहून वॉर्साला गेली. दोन-चार दिवसांचं काम, सोबत हातात मावेल एवढंच सामान. दुसऱ्या दिवशी पहाटे युद्ध पेटलं, परतीचं विमान राहिलं नाही. ८ मार्चला ती युरोपियन संसदेसमोर बोलली. पुढे त्या न संपणाऱ्या प्रवासावरच तिने पुस्तक लिहिलं. पाहुणी म्हणून गेली होती, एका रात्रीत परकी झाली. ग्रीकांनी दोन्हीला एकच शब्द का ठेवला असेल, हे मला तिच्याबद्दल वाचताना कळलं.

एक व्यवहारातली गोष्ट सांगून थांबतो. तिकडे संतांच्या नावाचा दिवस साजरा करतात. ओक्सानांचा दिवस जुन्या कॅलेंडरप्रमाणे ६ फेब्रुवारीला यायचा. सप्टेंबर २०२३ पासून युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने कॅलेंडर बदललं, त्यामुळे तो आता २४ जानेवारीला येतो. मॉस्कोच्या चर्चचा अजून ६ फेब्रुवारीलाच. तुमच्यापैकी कुणी युक्रेनमध्ये एमबीबीएसला होतं, कुणाची तिकडे मैत्रीण आहे, तर शुभेच्छा योग्य तारखेला पाठवा. आणि शाळेत पाठ केलेली संबोधन विभक्ती आठवते? रशियनमधून ती जवळजवळ गेली. युक्रेनियनमध्ये शाबूत आहे, आपल्यासारखी. त्यामुळे हाक मारताना 'ओक्साना' म्हणायचं नाही. म्हणायचं, "ओक्सानो!" पहिला 'ओ' नीट गोल करून.

भेटू पुढच्या भागात.